रुईवरची अळी मोनार्कची का? मोनार्क आणि प्लेन टायगर: काय सारखं, काय वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रुईच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या सात-आठ अळ्या सापडल्या. शोध घेतला तर सगळीकडे अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्या अळीचे फोटो आले आणि ते जुळल्यासारखे वाटले. मग या मोनार्कच्याच अळ्या का? नसतील, तर मोनार्क वाढवण्याच्या ज्या सूचना जागोजागी लिहिलेल्या आहेत त्या यांना चालतील का? आणि फुलपाखरं झाल्यावर ती लांब कुठे निघून जातील का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. भारतात रुईवर दिसणाऱ्या या अळ्या मोनार्कच्या नाहीत. बहुतेक प्लेन टायगर या फुलपाखराच्या आहेत. मोनार्क भारतात राहत नाही. उरलेल्या दोन प्रश्नांचं उत्तर मात्र 'काही सूचना चालतील, काही अजिबात नाही' असं आहे. कोणत्या चालतील हे कळायला दोन्ही फुलपाखरांचं आयुष्य कशाभोवती फिरतं ते पाहावं लागेल. माझ्या मते मोठा फरक रंगात नाही, हिवाळ्यात आहे. मोनार्कच्या अळीचं खाद्य हिवाळ्यात जमिनीवरून नाहीसं होतं, प्लेन टायगरच्या अळीचं बहुतेक ठिकाणी वर्षभर हिरवं असतं. बाकीचे बरेच फरक यातूनच निघतात.

पण आधी ओळख पक्की करू, कारण फोटो जुळवताना गडबड होते ती इथेच. लोक पट्टे बघतात. पट्टे या गटातल्या बऱ्याच अळ्यांना असतात. अळीच्या अंगावरचे काळे, मऊ, शिंगांसारखे तंतू मोजा. अळी बाजूने दिसेल असं पान धरा. मोनार्कच्या अळीला तंतूंच्या दोनच जोड्या असतात: लांब जोडी डोक्याच्या जरा मागे, आखूड जोडी शेपटीकडे. प्लेन टायगरच्या अळीला तीन जोड्या. तिसरी जोडी शरीराच्या मधोमध, किंचित पुढच्या बाजूला असते आणि बाकीच्यांपेक्षा आखूड, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत हमखास निसटते. कण्हेरीवर चार जोड्यांची अळी दिसली तर ती कॉमन क्रो या फुलपाखराची, या दोघींचीही नव्हे. आणि भारतात दोन जोड्या दिसल्या म्हणून लगेच मोनार्क ठरवू नका. ब्ल्यू टायगरच्या अळीलाही दोनच जोड्या असतात; तिचं मुख्य खाद्य हरणदोडीचा वेल. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीचे तंतू नीट फुटलेले नसतात, म्हणून मोजदाद दोनतीनदा कात टाकल्यानंतरच करा.

प्लेन टायगरच्या अळीच्या पट्ट्यांतही फरक आहे. मोनार्कच्या अळीला काळा, पिवळा, पांढरा असे पूर्ण वळसे असतात. प्लेन टायगरच्या अळीचे वळसे काळे-पांढरे असतात आणि पिवळा रंग पाठीच्या दोन्ही बाजूंना ठळक ठिपक्यांच्या रांगेत येतो. एकदा हे नजरेत बसलं की दुरूनही चूक होत नाही.

फुलपाखरू बाहेर आल्यावर ओळख आणखी सोपी होते. मोनार्कच्या नारिंगी पंखांवर जाड काळ्या शिरा उठून दिसतात, काळ्या काठात पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन रांगा असतात आणि पोट काळं असतं. प्लेन टायगरच्या पंखाच्या वरच्या बाजूला शिरा काळ्या नसतातच; पंख सपाट तांबूस-नारिंगी, पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यावर पांढऱ्या डागांचा तिरका पट्टा, मागच्या पंखाच्या मध्यभागी सुटे काळे ठिपके, आणि पोट पंखांसारखंच तांबूस. आकारही लहान: मोनार्कचे पसरलेले पंख साधारण ९ ते १० सेंमी भरतात, प्लेन टायगरचे ७ ते ८. काळ्या शिरांचं, मोनार्कसारखं दिसणारं एक फुलपाखरू भारतातही आहे, ते म्हणजे स्ट्राइप्ड टायगर. 'मला मोनार्क दिसलं' असं सांगणाऱ्या बहुतेकांनी हेच पाहिलेलं असतं. त्याच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी प्लेन टायगरसारखा पांढरा पट्टा असतो. मोनार्कला तसा सलग पट्टा नसतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर या स्ट्राइप्ड टायगरलाच 'डॅनॉस प्लेक्सिपस' म्हटलेलं सापडतं, जे आज मोनार्कचं शास्त्रीय नाव आहे. जुनं पुस्तक हाताशी असेल तर नावापेक्षा वर्णन वाचा.

नर-मादी ओळखायचे असतील तर मागचा पंख बघा. प्लेन टायगरच्या मादीला तिथे तीन काळे ठिपके, नराला चार. चौथा ठिपका म्हणजे खरं तर गंधाची पिशवी. पंखाच्या खालच्या बाजूने तो मोठा दिसतो आणि त्याच्या मध्यावर पांढरं असतं. मोनार्कच्या नरालाही मागच्या पंखाच्या शिरेवर एक छोटा काळा ठिपका असतो, आणि मादीच्या शिरा नरापेक्षा जाड दिसतात. आफ्रिकेतली प्लेन टायगर पाहिलीत तर हे वर्णन पुरेसं ठरणार नाही. तिथे पांढऱ्या मागच्या पंखांची आणि काळ्या-पांढऱ्या टोकाचा मागमूस नसलेली अशी वेगवेगळी रूपं आढळतात, आणि काही भागांत ती एकमेकांत मिसळतातही.

दोन्ही फुलपाखरं एकाच 'डॅनॉस' प्रजातीतली आहेत; दोघांचं शास्त्रीय वर्णन लिनियसने १७५८ साली केलं. प्लेन टायगरचा पसारा आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान आणि दक्षिण आशिया असा आहे. मोनार्क मूळ अमेरिकेतलं. एकोणिसाव्या शतकात ते प्रशांत महासागर ओलांडून हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इथे पोहोचलं आणि स्पेन-पोर्तुगालच्या दक्षिणेलाही रुजलं.

आता हिवाळ्याकडे. उत्तर अमेरिकेत मोनार्कची अळी मिल्कवीड नावाच्या, रुईच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. ही झाडं थंडीत वरून पूर्ण मरतात आणि फक्त मुळं शिल्लक राहतात. म्हणजे अळीला अन्न नाही, आणि कडाक्याच्या थंडीत फुलपाखरूही तगत नाही. त्यामुळे रॉकी पर्वताच्या पूर्वेकडची मोनार्क शरद ऋतूत दक्षिणेला निघतात आणि मध्य मेक्सिकोतल्या मिचोआकान आणि मेक्सिको या राज्यांतल्या, साधारण ३,००० मीटर उंचीवरच्या ओयामेल फरच्या जंगलांत जाऊन थांबतात. काहींचा हा प्रवास ४,००० किलोमीटरच्या आसपास जातो. पश्चिमेकडची मोनार्क मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर थंडी काढतात. मेक्सिकोतली ही जागा स्थानिक लोकांना ठाऊक होतीच. शास्त्रज्ञांना ती जानेवारी १९७५ मध्ये केन ब्रगर आणि कॅटालिना अग्वादो यांच्यामुळे सापडली. हे दोघं कॅनडाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड उर्क्हार्ट यांच्या शोधमोहिमेसाठी काम करत होते. २००८ साली या जंगलाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

या प्रवासातली माझ्या मते सगळ्यात विलक्षण गोष्ट अंतर नाही, आयुर्मान आहे. उन्हाळ्यात जन्मलेलं मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतं. शरद ऋतूच्या तोंडावर जन्मलेलं, त्याच जातीचं मोनार्क आठ महिन्यांपर्यंत जगू शकतं. दिवस लहान होत जाणं, रात्री थंड होणं आणि मिल्कवीड जून होणं, या खुणांवरून त्यांच्या शरीरात प्रजननच थांबतं: मादीत अंडी पिकत नाहीत, नर जोडीदार शोधत नाही, मकरंदातून मिळालेली साखर चरबी होऊन साठते. वसंतात परत उत्तरेला निघाल्यावर ती अंडी घालतात आणि मरतात; पुढचा प्रवास त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं पुरा करतात. म्हणजे शरदात दक्षिणेला निघणारं फुलपाखरू त्या वाटेने याआधी कधीच गेलेलं नसतं. दिशा कळते ती सूर्यावरून, आणि दिवसभरात सूर्य सरकतो त्याचा हिशोब ठेवणारं घड्याळ त्याच्या मिशांमध्ये असतं. मिशा काढल्या की दिशेचा हिशोब बिघडतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे.

प्लेन टायगरला यातलं काहीच करावं लागत नाही. तिच्या बहुतांश प्रदेशात रुई भर उन्हाळ्यातही हिरवी असते. कोषातून निघून काही दिवसांत मादी अंडी घालू लागते आणि वर्षभर पिढीवर पिढी चालू राहते. कोरड्या महिन्यांत संख्या घटते, पावसानंतर वाढते, आणि पावसाच्या मागोमाग थोडीफार सरकासरकही होते. पण ठरलेल्या ठिकाणी झुंडीने जाऊन महिनोन् महिने थांबायचं, असला प्रकार नाही. दक्षिण भारतात फुलपाखरांचे थवे पश्चिम घाट आणि पूर्वेकडचे सखल भाग यांच्यामध्ये ये-जा करताना दिसतात हे खरं आहे, पण त्या थव्यांत भरणा असतो ब्ल्यू टायगर, डार्क ब्ल्यू टायगर आणि क्रो फुलपाखरांचा. तेव्हा तुमची फुलपाखरं बाहेर आल्यावर आसपासच राहतील, आणि मादी असेल तर काही दिवसांत कदाचित त्याच रुईवर अंडी घालायला येईल.

हा फरक जातीचा की जागेचा, असं कोणी विचारलं तर मी 'बराचसा जागेचा' म्हणेन. कारण मोनार्कही जिथे हिवाळा कडक नाही तिथे प्रवास सोडून देतं. हवाई बेटांवर आणि दक्षिण फ्लोरिडात ती वर्षभर तिथेच वाढतात. हवाईत तर त्यांच्या अळ्यांचं एक मुख्य खाद्य आपली रुईच आहे. अशा स्थायिक मोनार्कचे पंख प्रवासी मोनार्कपेक्षा लहान असतात.

विषाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अळ्या हाताळणार असाल तर माहीत असलेलं बरं. मिल्कवीड आणि रुई दोन्हींच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषं असतात. पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप ती बंद पाडतात. मोनार्कच्या पंपाच्या रचनेत थोडे बदल झालेले आहेत, त्यामुळे विष तिथे नीट चिकटत नाही. अळी ते खाते, साठवते, आणि कोषातून पुढे फुलपाखरातही ते उतरतं. मोनार्क खाल्लेला ब्ल्यू जे पक्षी उलटी करतो आणि पुढच्या वेळी ते टाळतो, हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिंकन ब्रॉवर यांच्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध झालं. पण 'मोनार्क विषारी' असं सरसकट म्हणणं चुकीचं आहे. विष किती, हे अळीने कोणतं झाड खाल्लं त्यावर ठरतं. केशरी फुलांच्या बटरफ्लाय वीडमध्ये ते फारच कमी असतं, आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात त्या मिल्कवीडमध्ये भरपूर. प्लेन टायगरचंही तसंच: काही फुलपाखरं पक्ष्याला ओकायला लावतील इतकी कडू, काही जवळजवळ निरुपद्रवी. पक्ष्याला बाहेरून फरक कळत नाही, त्यामुळे कमी विषाची फुलपाखरंही वाचतात. याचाच फायदा डनाइड एगफ्लायची मादी घेते. ती हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. फरक मागच्या पंखावर सापडतो: मध्यभागी तीन ठिपके नसतात, फक्त वरच्या कडेला एक असतो.

तुमच्यासाठी यातला महत्त्वाचा भाग अळी नव्हे, चीक आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि घातक भाग असा की बऱ्याचदा फार दुखत नाही, नुसतं धूसर दिसायला लागतं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पानं तोडताना हातमोजे घाला, तोडून झाल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना पानं तोडायला लावू नका. चीक गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

अळीलाही हा चीक त्रास देतोच. अगदी लहान अळी चिकाच्या थेंबात अडकून मरू शकते. म्हणून ती पानावर आधी एक छोटा गोल चर कुरतडते, आतल्या भागातला चीक ओसरू देते, आणि मग मधलं खाते. मोठी अळी पानाची मधली शीर किंवा देठच अर्धवट चावते. पान लटकतं, चीक थांबतो, मग खाणं सुरू. तुम्हाला पानावर गोल भोकं किंवा विनाकारण मोडून लोंबणारं पान दिसलं तर पान उलटून बघा.

आता वाढवण्याचं. मोनार्कच्या सूचनांपैकी स्वच्छता, जागा आणि हाताळणी यांबद्दलचं जवळजवळ सगळं तसंच्या तसं लागू पडतं.

खाद्य: अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पानं द्या. मोनार्कच्या सूचनांत 'मिल्कवीड' लिहिलंय म्हणून कुठून तरी हळदीकुंकू आणून रुईवरच्या अळीला घालू नका. प्लेन टायगर दोन्ही खाते, पण अर्ध्या वाढीनंतर झाड बदललं की अळ्या पुष्कळदा खायचं सोडतात. पानं रस्त्याकडेची किंवा फवारणी केलेल्या शेताच्या बांधावरची नकोत. रोपवाटिकेतून नवीन रोप आणलं असेल तर काही आठवडे त्यावर अळ्या सोडू नका, कारण कीटकनाशक काही वेळा रोपाच्या आतूनच पानांत उतरलेलं असतं. अळ्या एकदोन दिवसांत हिरवं ओकून, पिळवटून मरतात आणि कारण कळत नाही. रुईवर हमखास असणारा पिवळा मावा बोटाने पुसून काढा किंवा पाण्याने धुवा. अळ्या असताना साबणाचं पाणीसुद्धा फवारू नका.

जागा: निदान ३० सेंमी उंचीचा, वरून जाळी लावलेला डबा किंवा जाळीचा पिंजरा. उंची लागते ती फुलपाखरासाठी; कोषातून बाहेर आल्यावर पंख खाली लोंबकळत पसरायला मोकळी जागा नसेल तर ते कायमचे वाकडे वाळतात. एका डब्यात चार-पाच अळ्यांपेक्षा जास्त गर्दी नको. शेवटच्या टप्प्यातली अळी आधीच्या सगळ्या टप्प्यांहून कितीतरी जास्त खाते, त्यामुळे काल पुरलेली पानं आज सकाळी संपलेली असतात. देठाला ओला कापूस गुंडाळला की रुईचं पान दीड-दोन दिवस टिकतं. उघड्या पाण्याच्या बाटलीत फांदी ठेवाल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, अळ्या आत उतरून बुडतात. विष्ठा रोज काढा. डब्याच्या भिंतींवर वाफ धरायला लागली की हवा कमी पडते आहे असं समजा. बुरशी आणि जंतूंचा त्रास तिथूनच सुरू होतो.

वेळ: २५ ते ३० अंशांच्या हवेत अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, अळी साधारण दोन आठवडे, कोष आठवडा ते दहा दिवस. थंडीत हे सगळं लांबतं. मोनार्कचाही हिशोब जवळपास हाच. अळी एखाद्या दिवशी डब्याच्या भिंतीवर निश्चल बसली तर ती आजारी नाही, कात टाकते आहे. तिला उचलून दुसऱ्या पानावर ठेवणं हे नवख्यांकडून अळ्या मरण्याचं एक कारण आहे. शेवटी अळी छताला उलटी लटकून इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वाकते आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण दिवसात कात सोडून कोष होतो. प्लेन टायगरचा कोष हिरवा किंवा फिकट गुलाबीसर असतो. गुलाबी दिसला म्हणून घाबरू नका. आसपासच्या रंगाप्रमाणे तो बदलतो. मोनार्कच्या सूचनांत 'हिरवाच हवा' असं लिहिलेलं असतं, ते इथे सोडून द्या. कोष खाली पडला तर टोकाच्या काळ्या देठाला दोरा बांधून पुन्हा टांगा, कोषाच्या अंगाला डिंक लावू नका.

बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोष काळपट, पारदर्शक होतो आणि आतले नारिंगी-काळे पंख स्पष्ट दिसतात. हा काळपटपणा चांगला. पण पंखांची नक्षी न दिसता कोष सगळाच काळा-तपकिरी, मऊ पडला तर तो गेला. लगेच बाहेर काढून फेका आणि डबा धुवा. लटकलेल्या अळीतून किंवा कोषातून पांढरे, चिकट तंतू खाली लोंबायला लागले, तर ती टॅकिनिड माशी. माशी अळीच्या अंगावर अंडी घालते, तिची पिल्लं आतून खातात आणि त्या तंतूंवरून उतरून तळाशी तपकिरी कोष करतात. अशी अळी वाचत नाही. बाहेरून आणलेल्या मोठ्या अळ्यांत हे बरंच दिसतं. त्यामुळे अंडी किंवा अगदी लहान अळ्या आत आणल्या तर जगण्याचं प्रमाण जास्त; तुमच्या सात-आठांतल्या दोनतीन माशीने नेल्या तर ती तुमची चूक नाही.

आता मोनार्कच्या सूचनांतलं काय सोडायचं ते सांगतो. अमेरिकेत मोनार्क पाळणाऱ्यांना ओई नावाच्या परजीवीची फार धास्ती असते. फुलपाखराच्या पोटावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, डबे ब्लीचने धुतात. तुम्हाला चाचणीची गरज नाही; अळ्यांची एक तुकडी संपली की पुढची ठेवण्याआधी डबा ब्लीचच्या पातळ द्रावणाने धुऊन उन्हात कोरडा करा, तेवढं पुरे. हळदीकुंकवाबद्दलचा तिथला वाद, म्हणजे ते शरदात सहा इंचांवर छाटा, तुमच्यासाठी नाही. तिथे हे झाड दक्षिणेकडे हिवाळाभर हिरवं राहतं. मग मोनार्क प्रवास सोडून अंडी घालत बसतात आणि त्याच पानांवर ओईचे कण साठत जातात. प्लेन टायगर मुळात थांबणारीच आहे. तरीही लावायचंच असेल तर मी हळदीकुंकवाऐवजी रुई किंवा उतरणीचा वेल सुचवेन. हळदीकुंकू मूळ अमेरिकेतलं. पंखांवर क्रमांकाचे गोल स्टिकर लावणं, शरदात दिशा चुकू नये म्हणून बाहेरच वाढवणं, हेही प्रवासी मोनार्कसाठी आहे. यातल्या दुसऱ्या सूचनेला तिथे आधार आहे: घरात वाढवलेली मोनार्क दक्षिणेची दिशा धरण्यात कमी पडतात असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

'वाचवण्यासाठी वाढवा' हा सूरही इकडे आणू नका. मोनार्कची संख्या मेक्सिकोत झाडांवर लगडलेल्या थव्यांनी किती हेक्टर जंगल व्यापलं त्यावरून मोजतात, कारण एकेक मोजणं अशक्य. १९९६-९७च्या हिवाळ्यात ते क्षेत्र १८ हेक्टरांच्या वर होतं, २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टरवर आलं. शेतांतलं मिल्कवीड तणनाशकांनी संपणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. प्लेन टायगरवर असं काही संकट नाही. तिच्यासाठी करायचंच असेल तर कुंपणालगतची रुई तण म्हणून उपटू नका. नरांसाठी भुरुंडी आणि खुळखुळा यांची झाडं वाळली तरी राहू द्या. प्लेन टायगरचे नर त्या वाळक्या काड्यांवर बसून सोंडेने अल्कलॉइड शोषतात आणि त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात. पोटाच्या टोकाशी असलेले केसांचे झुबके बाहेर काढून ते हा गंध तिच्यावर पसरतात. मोनार्कचा नर या गंधावर फारसा अवलंबून नसतो. तो मादीला हवेतच पकडून खाली आणतो.

सोडायची वेळ: फुलपाखरू बाहेर आल्यावर दोन ते चार तास रिकाम्या कोषाला लटकू द्या, हात लावू नका. तांबूस थेंब गळतील. ते रक्त नाही, कोषात साठलेला उत्सर्ग आहे. पंख कडक होऊन ते उघडझाप करू लागलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर फुलांजवळ सोडा. पाऊस चालू असेल तर एक दिवस थांबा आणि कापसावर पातळ साखरपाणी ठेवा. मोठ्या झालेल्या एका अळीचा बाजूने, तंतू मोजता येतील असा फोटो काढून ठेवा. प्लेन टायगर नसून दुसरंच काही निघालं तर तोच कामी येईल.